तंबोऱ्याची निगा: नव्या विद्यार्थ्यांसाठी काही अनुभव

गाणे शिकू लागल्यानंतर तिसऱ्या वर्षी मी मिरजेहून माझा पहिला तंबोरा आणला. तो जुळवता येईल की नाही, एवढीच तेव्हा धास्ती होती. सांभाळणे ही वेगळी विद्या आहे, हे पहिल्या पावसाळ्याने शिकवले. जुलैमध्ये आठ दिवस परगावी जाताना मी वाद्य गवसणीत घालून ओल येणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवले होते. परतल्यावर भोपळ्यावर बुरशीची पांढरी पुटे दिसली, खुंट्या फुगून घट्ट बसल्या होत्या, आणि त्यांतली एक जोर लावून पिळताना पंचमाची तार तुटली.

तंबोऱ्याचा भोपळा म्हणजे वाळवलेले खरे फळ असते आणि दांडी लाकडाची असते. दोन्ही हवेतला ओलावा शोषतात व सोडतात. म्हणून पावसाळ्यात खुंट्या आवळतात आणि उन्हाळ्यात सैल होऊन घसरतात. घसरणारी खुंटी काढून तिच्यावर खडू घासला की ती पुन्हा पकड घेते. वाद्य रोज मऊ, कोरड्या कापडाने पुसावे. ओले कापड किंवा स्पिरिट मात्र लावू नये, कारण पॉलिश लाखेचे असेल तर ते पाण्याने पांढरट पडते आणि स्पिरिटमध्ये विरघळते.

खरी काळजी जवारीची, म्हणजे तारेच्या भरदार, गुंजणाऱ्या नादाची. तारा ज्या पट्टीवरून जातात त्या घोडीच्या माथ्याला अगदी सौम्य बाक दिलेला असतो. तार त्या बाकाला हलकेच स्पर्श करीत कंप पावते, म्हणून तिच्यातून अनेक स्वर एकाच वेळी फुलतात. घोडीवर तारेखाली सरकवलेला बारीक दोरा हा स्पर्श नेमका कोठे व्हावा ते ठरवतो. खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची तार, नीट लागला आणि जवारी उघडी, म्हणजे मोकळी गुंजणारी असली, तर त्यातून गंधार (ग हा स्वर) आपोआप ऐकू येतो. माझी रोजची परीक्षा तीच आहे.

आवाज बंद किंवा कर्कश वाटला की नवा विद्यार्थी लगेच घोडीला दोष देतो, आणि मीही दिला होता. आधी दोरा केसभर मागे-पुढे सरकवून पाहावा. त्याने काही फरक पडला नाही, तर तार गंजली आहे का ते पाहून ती बदलावी. मात्र चारही तारा एकदम उतरवू नयेत, घोडी जागची हलते. एवढे करूनही गंधार उमटत नसेल आणि घोडीवर तारांच्या चऱ्या पडलेल्या दिसत असतील, तर जवारी काढून घेण्याची, म्हणजे घोडीचा माथा कानशीने घासून पुन्हा नीट करून घेण्याची वेळ झाली असे समजावे. माझ्या रियाजाला ही वेळ साधारण दोन वर्षांनी येते. हे काम जाणत्या कारागिराकडेच द्यावे. कानस थोडी जास्त चालली, तर गेलेला भाग परत येत नाही. मिरजेत स्थायिक झालेले किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँ तंबोऱ्यांची दुरुस्ती स्वतः करीत, पण त्यामागे त्यांचा असामान्य कान आणि दीर्घ सराव होता.

घरात तंबोरा आडवा ठेवायचा असल्यास भोपळ्याखाली कापडाची चुंबळ द्यावी. प्रवासाला निघताना तारा थोड्या उतरवाव्यात आणि गवसणीच्या आत भोपळ्याभोवती जुनी गोधडी गुंडाळावी. भोपळ्याला गेलेला तडा सांधता येतो, पण त्यासाठी वाद्य कित्येक दिवस कारागिराकडे ठेवावे लागते.