टॅरँट्युला या मोठ्या केसाळ कोळ्याची पिल्लं अंड्यांपासून वाढवताना या चुका टाळा

मादी धाग्यांनी विणते ती अंड्यांची अख्खी पिशवी वाया जाते ती बहुतेक वेळा दोनच कारणांनी: ती मादीजवळून वेळेआधी काढलेली असते, नाहीतर अंड्यांना पाणी लागलेलं असतं. बाकीच्या चुकांमुळे पाच-दहा पिल्लं जातात, या दोन चुकांमुळे सगळीच.

पिशवी भरीव आहे, पण अंडी फलित आहेत का?

मिलनाची आणि कात टाकल्याची तारीख मादीच्या डब्यावरच लिहा. मिलनानंतर मादीने कात टाकली, तर शुक्राणू साठवायच्या कप्प्याचं अस्तरही कातेबरोबर निघून जातं. मग ते मिलन फुकट गेलं असं समजून नर पुन्हा सोडावा लागतो. मिलन न झालेली मादीसुद्धा कधीकधी पिशवी विणते आणि काही दिवसांनी स्वतःच खाऊन टाकते. पिशवी गायब झाली आणि मादीचं पोट फुगलेलं दिसलं तर घडलंय काय ते उघड आहे. फलित पिशवीही ती खाते, पण तेव्हा बहुधा तिला त्रास झालेला असतो. म्हणून पिशवी दिसल्यावर डबा काळ्या कापडाने झाका, आत फवारा मारू नका, पाण्याची वाटी भरलेली ठेवा आणि जिवंत रातकिडा आत सोडून निघून जाऊ नका.

घाई: सगळ्यात महाग चूक

२६-२७ अंश सेल्सिअस तापमानात बऱ्याच जातींची पिशवी साधारण ३० दिवसांनी काढतात. तोवर अंड्यांना पाय फुटलेले असतात, पिवळसर गोळीला पांढरे दोरे चिकटवावेत तसे. या पायवाल्या अंड्यांना हाताळणं सोपं. त्याआधीच्या अंड्यांची साल नुसत्या ब्रशनेही फुटते. तापमान २४ अंशांच्या खाली राहिलं असेल तर आणखी आठवडाभर तरी थांबा.

मादी शांत असेल आणि तुमची पहिलीच पिशवी असेल, तर ती काढूच नका, हा आमचा स्पष्ट सल्ला. मादी पिशवी स्वतः फिरवते आणि वेळ झाली की स्वतःच उघडते. तुम्हाला एवढंच करायचंय: डब्याच्या हवेच्या भोकांवर आतून बारीक जाळी चिकटवायची, नाहीतर एके सकाळी पिल्लं भिंतीवर दिसतील.

काढायचीच असेल तर आधी मादीवर पारदर्शक प्लास्टिकचा ग्लास उपडा घाला, मग २५-३० सेंटिमीटर लांबीच्या चिमट्याने पिशवी उचला. पोएसिलोथेरियाच्या जाती अतिशय चपळ आणि त्यांचं विष जोरकस, तिथे एकट्याने हे काम करू नये. लासिओडोरा आणि थेराफोसा या मोठ्या जातींच्या माद्या पिशवीत आपले खाजरे केस विणतात. हातमोजे, मास्क आणि चष्मा न घालता ती कापली की पुढचे दोन दिवस डोळे चोळत बसावं लागतं.

पांढऱ्या कागदावर पिशवी ठेवा, वरचा पापुद्रा चिमटीत उचलून बोथट टोकाच्या लहान कात्रीने कापा आणि अंडी घरंगळू द्या. गोल, मलईसारखी पिवळट, सुटी अंडी चांगली. तपकिरी, काळपट किंवा ओलसर अंडी लगेच बाजूला काढा. गुठळी झालेली असेल आणि मऊ ब्रशने सहज सुटत नसेल तर पूर्ण गुठळी टाका. एका कुजक्या अंड्याची बुरशी शेजारच्यांना सोडत नाही.

दमट हवा हवी, पाणी नको

झाकणाचा एक लिटरचा प्लास्टिकचा डबा घ्या. तळाला दोन सेंटिमीटर पाणी. वरच्या अर्ध्या भागात कॉफी फिल्टरची किंवा बारीक मलमलीची झोळी, काठावर रबरबँडने ताणून, पाण्यापासून चांगली उंच. अंडी झोळीत एकाच थरात. झाकणाजवळ सुईने चार-सहा भोकं. तापमान २५ ते २८ अंश, आर्द्रता ७५ ते ८० टक्के.

इथे हमखास होणारी चूक म्हणजे डबा हीट मॅटवर, म्हणजे विजेवर तापणाऱ्या चटईवर ठेवणं. खालून ऊब मिळाली की पाण्याची वाफ होते, ती थंड झाकणाला लागून थेंब बनते आणि थेंब थेट अंड्यांवर पडतो. ओलं अंडं श्वास घेऊ शकत नाही आणि त्याला बुरशीही लवकर धरते. ऊब बाजूने द्या किंवा सगळी खोलीच उबदार ठेवा. तरीही थेंब साचत असतील तर झाकणाखाली टिशू पेपर लावा, डबा थोडा तिरका करा आणि दोन भोकं वाढवा.

अंड्यांना खळगे पडले असतील तर हवा कोरडी आहे. आर्द्रता वाढवल्यावर उथळ खळगे भरून येऊ शकतात, पण म्हणून अंड्यांवर फवारा मारायचा नाही. पाय फुटायच्या आधी पिशवी काढावी लागली असेल तर दिवसातून तीन-चार वेळा झोळी हलकेच हलवून अंडी फिरवा, कारण एकाच जागी पडलेली अंडी चिकटतात. भोवती बारीक माश्या घोंगावू लागल्या तर आत काहीतरी कुजतंय. ते शोधून काढा.

खायला घालायची घाई

पायवाली अंडी पुढे दोन वेळा कात टाकतात आणि तोपर्यंत पोटातल्या बलकावरच जगतात. या काळात आत सोडलेला रातकिडा त्यांचं भक्ष्य होत नाही, उलट तोच त्यांना कुरतडतो. मात्र ही बाळं कधीकधी न फुटलेली अंडी चोखतात, त्याची काळजी करू नका.

शेवटच्या कातीनंतर पोट गडद होतं, पिल्लं पळू लागतात, काही दिवसांत पोट बारीक होतं. आता ती एकमेकांना खातील, म्हणून वेगळी करा. लासिओडोरा पॅराहायबानाच्या एका पिशवीत हजाराहून जास्त पिल्लं निघू शकतात. कप आधी तयार ठेवा आणि कोणाला किती द्यायची तेही आधी ठरवा. उरलेली बाहेर सोडून देणं हा पर्याय नाही.

प्रत्येकाला ३० ते ५० मिलिलिटरचा कप, दोन-तीन सेंटिमीटर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्याची एकच बाजू ओलसर. हवेची भोकं पिल्लाच्या डोक्याकडच्या कवचापेक्षा बारीक. मोठ्या कोळ्याच्या कातडीवर पाणी अडवणारा मेणचट थर असतो, पिल्लांच्यात तो नीट तयार झालेला नसतो. त्यामुळे कोरड्या प्रदेशातल्या जातीचं पिल्लूही पूर्ण सुक्या कपात दोन-चार दिवसांत सुकतं. ड्रॉपरने कपाच्या भिंतीवर एक थेंब सोडा, पिल्लावर नाही.

पाय पोटाखाली गोळा झालेले आणि पोट सुरकुतलेलं दिसलं तर पाणी कमी पडलंय. दिवसभर ओलसर टिशूवर बंद कपात ठेवून बघा. पण पिल्लू पाठीवर उताणं पडलेलं असेल तर ते कात टाकतंय. त्याला हात लावू नका, सरळ करू नका. मेलं समजून फेकलेली कितीतरी पिल्लं या अवस्थेतली असतात.

खाणं आठवड्यातून एक-दोनदा: फळमाश्या, टाचणीच्या डोक्याएवढे रातकिडे किंवा मीलवर्म या अळीचा तुकडा. भक्ष्य पिल्लाच्या पोटापेक्षा मोठं नको. जिवंत मीलवर्म कोकोपीटमध्ये घुसून बसतो आणि पुढे कात टाकणाऱ्या पिल्लालाच खातो, म्हणून आधी त्याचं डोकं चेचा. उरलेलं २४ तासांत काढा. पोट चकचकीत काळं झालं आणि पिल्लू खात नसेल तर कात जवळ आली आहे. कातीनंतर सुळे काळे होईपर्यंत, म्हणजे तीन-चार दिवस, काही देऊ नका.

मोठ्या डब्यात हलवायचीही घाई होते. मोठ्या जागेत पिल्लाला भक्ष्य सापडत नाही आणि तुम्हाला पिल्लू. पाय पसरून ते कपाच्या रुंदीच्या निम्म्याला पोचलं की मगच पुढचा डबा.