चिनी जेडवर लिहिताय? या चुका टाळा

दर महिन्या-दोन महिन्यांनी कुणीतरी ‘जरा नजर टाका’ म्हणत चिनी जेडवरचा लेख माझ्याकडे धाडतं. लेखक नवा, चुका जुन्याच. प्रत्येकाला वेगळं उत्तर लिहायचा आता कंटाळा आलाय, म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतो.

जेड म्हणजे हिरवागार दगड

ही चूक मी स्वतः चारचौघांत केली आहे, म्हणून तिचा राग जास्त. पंधरा-सोळा वर्षांपूर्वी एका वाचनालयात माझा स्लाइड-शो होता. पडद्यावर झळझळीत पोपटी बांगडी, आणि मी रंगात येऊन कन्फ्यूशियसची गोष्ट सांगत होतो. शिष्य झीगोंग विचारतो, लोक ‘यू’ला, म्हणजे जेडला, इतकं मानतात आणि ‘मीन’ नावाच्या दगडाला विचारत नाहीत, ते यू दुर्मिळ म्हणून का? गुरू म्हणतो, तसं नव्हे. यूची ऊबदार, स्निग्ध झळाळी ही दयाबुद्धी. त्याची घट्ट वीण हे ज्ञान. त्याला कडा असतात पण त्या कापत नाहीत, ही न्यायबुद्धी. ठोकलं की लांब, स्वच्छ नाद उठतो आणि झटक्यात थांबतो, ते संगीत. ‘लीजी’ या प्राचीन ग्रंथात हा संवाद आहे, आणि तो कुठल्याही सभेत टाळ्या घेतो. माझ्याही सभेत घेतल्या.

कार्यक्रम संपल्यावर भूगर्भशास्त्राचे एक निवृत्त प्राध्यापक जवळ आले. म्हणाले, “गोष्ट छान सांगितलीत. पण तुमची ती बांगडी कन्फ्यूशियससमोर ठेवली असती, तर त्याने विचारलं असतं, हे काय आहे?”

चिनी ‘यू’ हे एका खनिजाचं नाव नाही. इ.स. १०० च्या सुमारास शू शेनने आपल्या कोशात यूची व्याख्या दिली ती ‘सुंदर दगड, ज्याच्या अंगी पाच सद्गुण आहेत’ अशी. खनिजशास्त्राच्या पुस्तकात ही व्याख्या बसणार नाही, पण चीनमध्ये जेडला काय मान होता ते तिच्यात आलं. आज आपण ज्याला जेड म्हणतो त्यात दोन वेगळी खनिजं येतात, नेफ्राइट आणि जेडाइट. ती वेगळी आहेत हे फ्रेंच खनिजशास्त्रज्ञ अलेक्सी दामूर याने १८६३ मध्ये दाखवलं. कन्फ्यूशियसचा (इ.स.पू. ५५१–४७९) यू म्हणजे नेफ्राइट. पोपटी बांगडीचं जेडाइट येतं म्यानमारच्या काचिन भागातून, आणि चीनमध्ये ते मोठ्या प्रमाणावर आलं अठराव्या शतकात. त्याचं चिनी नाव ‘फेइत्स्वे’, म्हणजे खंड्या पक्षी. खंड्याच्या पिसांसारखा रंग, म्हणून. त्याआधीच्या रसिकाला हवा असायचा तो पांढरा जेड, मेंढीच्या चरबीसारखा, किंचित पिवळट झाक असलेला. तो पश्चिम चीनमधल्या खोतानच्या युरुंगकाश नदीच्या गोट्यांत मिळे. त्या नदीच्या नावाचा अर्थच पांढरा जेड.

माझी सवय सांगतो. लेखातल्या प्रत्येक चित्राशेजारी पेन्सिलीने साल लिहायचं. साल अठराव्या शतकाच्या आधीचं आणि रंग झगमगीत पोपटी, की हात थांबलाच पाहिजे. नेफ्राइटही हिरवं असतं, पण पालकाच्या भाजीसारखं गडद किंवा शेवाळी. तैपेईच्या संग्रहालयातला तो प्रसिद्ध जेडचा कोबी? चिंग राजवटीच्या (१६४४–१९१२) काळातला, जेडाइटचा. कन्फ्यूशियसशेजारी त्याला बसवू नका.

जेड म्हणजे पाचू

नाही. पाचू हे बेरिल, म्हणजे वेगळंच खनिज. अनुवाद करताना शब्द सापडला नाही तर ‘जेड’च लिहा, किंवा फारसीतून आलेला ‘यशब’ घ्या. ज्योतिषाने पाचूऐवजी जेड घालायला सांगितला म्हणून दोन्ही एक होत नाहीत.

टाकीचे घाव

चिनी वचन आहे: यू घडवला नाही तर त्याचं पात्र होत नाही, माणूस शिकला नाही तर त्याला मार्ग कळत नाही. हे भाषांतरात आलं की दर दुसरा मराठी लेखक खाली टीप टाकतो, ‘आपल्याकडे म्हणतात ना, टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही.’ अहो, जेडला टाकी लावून बघा एकदा! नेफ्राइटचे सूक्ष्म तंतू घोंगडीच्या लोकरीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात. त्याची कठिणता दहापैकी (मोह्स मापावर) सहा ते साडेसहा, पण चिवटपणा असा की छिन्नीने पापुद्रा निघत नाही. म्हणून जुने कारागीर जेड कोरत नसत, घासत असत. दोरी किंवा चकती पुढेमागे फिरवायची, मध्ये ओली वाळू. कापायचं काम वाळू करते, हत्यार फक्त तिला फिरवतं. आपल्याला जवळची उपमा हवी असेल तर सहाणेवर चंदन उगाळण्याची घ्या.

एकदा हट्टाने करून पाहिलं. जेडचा बोटभर तुकडा, सुतळी, ओली वाळू. चार संध्याकाळींनंतर खोबण झाली ती तांदळाच्या दाण्याएवढी खोल. हे आजच्या घाईवाल्यांना सांगितलं की ते मशीनवर दहा मिनिटांत पेंडंट कापतानाचा व्हिडिओ पाठवतात. पाठवा. पण मग त्या वचनातलं ‘घडवणं’ म्हणजे घाव सोसणं असं लिहू नका. तिथे दुखणं नाही, वेळ जाणं आहे.

बी म्हणजे आकाश, त्सोंग म्हणजे पृथ्वी

बी म्हणजे मध्ये भोक असलेली जेडची चकती. त्सोंग म्हणजे बाहेरून चौकोनी आणि आतून गोल पोकळ असं जेडचं नळकांडं. ‘झोउ ली’ या ग्रंथात निळसर बीने आकाशाची आणि पिवळ्या त्सोंगने पृथ्वीची पूजा सांगितली आहे. ते वाचून लोक बिनधास्त लियांगझूच्या वस्तूंना हाच अर्थ चिकटवतात. लियांगझू ही पूर्व चीनमधल्या हांगझोउजवळची संस्कृती, साधारण इ.स.पू. ३३०० ते २३००. १९८६ मध्ये फानशानच्या थडग्यात साडेसहा किलोचा त्सोंग निघाला, त्यावर पिसांचा मुकुट घातलेला चेहरा आणि त्याखाली मोठ्या डोळ्यांचा पशू. ‘झोउ ली’ त्यानंतर दोन हजारांहून जास्त वर्षांनी लिहिलं गेलं. हडप्पाच्या मुद्रेचा अर्थ गुप्तकाळातल्या पोथीवरून लावाल का? ‘झोउ ली सांगतं’ एवढे तीन शब्द आधी लावले तरी लेख बचावतो.

आणखी काही, भराभर

कुंडीतलं जेड प्लांट दक्षिण आफ्रिकेचं आहे, चीनचं नाही.

जेड सम्राट हा चिनी देव जेडचा बनलेला नाही. ‘जेड’ इथे शुद्ध, श्रेष्ठ या अर्थी.

पुरताना घातलेल्या जेडच्या पोशाखात प्राचीन हान घराण्यातल्या राजांचे देह टिकले, असंही लिहितात. मानचेंगला १९६८ मध्ये राजा ल्यू शेंगचा पोशाख मिळाला, २,४९८ तुकडे सोन्याच्या तारेने शिवलेले. देह मातीला मिळाला होता. पुढे चोर सोन्यासाठी असे पोशाख जाळू लागले, आणि इ.स. २२२ मध्ये वेई राज्याचा सम्राट त्साओ पी याने ते बंद करवले.

आणि जेडकाम एकट्या चीनची मिरास नव्हे. चिंग सम्राट च्यानलोंग मुघली धाटणीच्या पातळ जेडपात्रांवर इतका लुब्ध होता की त्याने त्यांच्यावर कविता केल्या. आपल्याच लेखात हे येत नाही, याचं नवल वाटतं.

चाकूने ओरखडून परीक्षा

मावशीने हाँगकाँगहून हिरवी बांगडी आणली. भाच्याने चाकू ओढला, ओरखडा उठला नाही, त्याने जाहीर केलं, “अस्सल!” क्वार्ट्झची, म्हणजे गारगोटीची, कठिणता सात. त्यावरही चाकूचा ओरखडा उठत नाही. म्हणजे या परीक्षेत नकली पास होतो, आणि नेम चुकला तर अस्सलाचं वाटोळं.

मी स्वयंपाकघरातला डिजिटल काटा काढतो. आधी बांगडीचं वजन. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करायचा, बांगडी दोऱ्याने पाण्यात पूर्ण बुडवायची, तळाला किंवा भांड्याला लागू द्यायची नाही. काटा जे दाखवेल त्याने मूळ वजनाला भागायचं, की दगडाची घनता मिळते. जेडाइट ३.३ च्या आसपास येतं, नेफ्राइट २.९५ च्या, क्वार्ट्झ २.६५. आम्लाने धुऊन आत राळ भरलेलं जेडाइट मात्र यात नेमकं पकडता येत नाही. त्याला प्रयोगशाळेतली इन्फ्रारेड तपासणीच लागते, तिथे काटकसर करू नका.

मावशीची बांगडी ५८ ग्रॅम, पाण्यात आकडा २२. म्हणजे २.६४. भिंगाखाली अभ्रकाच्या चमकत्या टिकल्या दिसल्या. अ‍ॅव्हेंच्युरिन, म्हणजे क्वार्ट्झचाच एक प्रकार; बाजारात याला ‘इंडियन जेड’ म्हणूनच विकतात. मावशी हसली आणि बांगडी परत हातात चढवली. फक्त चाकू दाबताना भाच्याच्या हातून ती फरशीवर आपटली होती आणि आतल्या कडेला टवका उडाला होता, तो विषय तिने अजून सोडलेला नाही.