पहिलं झाड घरात आणलंय? या चुका टाळा

माझं पहिलं मनी प्लांट पाण्यावाचून गेलं नाही. रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की मी त्याला तांब्याभर पाणी घालायचे. पानं पिवळी पडू लागली तेव्हा वाटलं, बिचाऱ्याला कमी पडतंय. मग संध्याकाळीही घालू लागले. काही आठवड्यांनी कुंडीला कुबट वास यायला लागला. वेल उपसून पाहिला तर मुळं तपकिरी, बुळबुळीत. चिमटीत धरून जरा ओढलं की वरची साल सुटून हातात यायची आणि आत दोऱ्यासारखी तार तेवढी उरायची. फार लागलं मनाला. एक जीव आपण होऊन घरात आणला आणि काळजीपोटीच बुडवला.

म्हणून सगळ्यात मोठी चूक हीच सांगते: वार ठरवून पाणी घालणं. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, कुजतात, आणि कुजलेल्या मुळांना पाणी ओढता येत नाही. माती ओली असूनही झाड तहानलेलं राहतं आणि माना टाकतं. आपली फसगत होते ती इथे. तेव्हा पान मलूल दिसलं की आधी मातीत बोट घाला, दोन पेरं खोल. ओल लागली तर थांबा. कोरडं लागलं तर तळातून निथळेपर्यंत पाणी घाला आणि खालच्या ताटलीत साचलेलं अर्ध्या तासाने ओतून द्या. माझ्याकडे मे महिन्यात चार-पाच दिवसांनी पाणी घालायची वेळ येते, जुलैच्या दमट हवेत दहा-बारा दिवसांनीही. स्नेक प्लांटची पानं पाणी साठवून ठेवतात, त्याला याहूनही कमी लागतं.

तळाला भोक नसलेली सिरॅमिकची कुंडी कितीही आवडली तरी झाड थेट तिच्यात लावू नका. साधी प्लास्टिकची कुंडी आत ठेवा, पाणी घालताना बाहेर काढा.

नर्सरीतून काळ्या पिशवीत येणाऱ्या लाल मातीच्या गोळ्याकडे मात्र नीट लक्ष द्या. ही चिकण माती सुकली की दगड होते. पाणी गोळ्याच्या कडेने निसटून जातं, वरून ओलं दिसतं आणि आतली मुळं कोरडी राहतात. झाड नव्या जागी दोन आठवडे रुळू द्या. मग गोळा बादलीभर पाण्यात भिजवून बाहेरची माती हलक्या हाताने सोडवा आणि माती, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट सारख्या प्रमाणात मिसळून लावा. कुंडी आधीपेक्षा एकच आकार मोठी घ्या. मोठ्या कुंडीतली जास्तीची माती ओलीच राहते.

इनडोअर म्हणजे अंधारात ठेवायचं झाड नव्हे. दुपारी दिवा न लावता पेपर वाचता येईल, निदान एवढा उजेड तिथे हवा. वेलाच्या दोन पानांमधलं अंतर वाढत चाललं आणि पानं लहान निघू लागली, तर ते उजेडच मागतंय. तुळस तर हॉलमध्ये ठेवूच नका, तिला रोज काही तास ऊन लागतंच.

आणखी एक, घाबरून सगळं एकाच दिवशी करू नका. पान पिवळं दिसलं म्हणून खत, नवी कुंडी, नवी जागा असं एकदम केलंत तर कशाने काय झालं ते कळणार नाही. खालचं जुनं पान अधूनमधून पिकतंच. नवी कोवळी पानं पिवळी निघाली तर मात्र शोध घ्या. आजारी झाडाला खत नको.

मातीवर चिलटं दिसली तर वरचा थर सुकू द्या. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पांढरे ठिपके म्हणजे पिठ्या ढेकूण. लिटरभर पाण्यात ५ मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठवड्याने पुन्हा.

मुळं कुजलीच असतील तरी मनी प्लांट लगेच टाकू नका. वरचा हिरवा भाग कापा. पानाच्या देठाजवळ गाठ असते, तिच्यावर बारीक तपकिरी उंचवटा दिसेल. ती गाठ पाण्यात बुडेल असं बाटलीत ठेवा, पाणी तीन-चार दिवसांनी बदला. बाटली मुलांच्या आणि मांजराच्या हाती लागू देऊ नका, पान चावलं तर तोंडाची आग होते. माझ्या त्या वेलाच्या तीन काड्या अशाच ठेवल्या होत्या. पंधरा दिवसांत दोन काड्यांना पांढरी मुळं फुटली.