पऱ्हाटी, बाभूळ आणि कोळसा: पौषापासून मृगापर्यंतची कामे

शेतकरी बंधू-भगिनींनो,

कापसाची शेवटची वेचणी आटोपली की वावरात नुसती पऱ्हाटी उभी राहते. बरेच जण ती उपटून धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, ढीग लावतात, लागेल तशी चुलीत घालतात, आणि उरलेली एखाद्या दिवशी काडी लावून मोकळी करतात. ज्यांना सरपणाचा आणि कोळशाचा छोटा धंदा करायचा आहे त्यांनी यंदा तसे करू नये. या धंद्यात विकण्याइतकेच वाळवण्याला आणि साठवण्याला महत्त्व आहे. आपल्या विदर्भात एप्रिल-मेमध्ये पारा ४५ अंशांच्या आसपास जातो. ते ऊन आपल्याला फुकट मिळते आणि लाकूड वाळवायला त्याच्यासारखे दुसरे काही नाही. उन्हाळ्यात वाळवलेला माल ज्याच्या छपराखाली असेल, पावसाळ्यात गिऱ्हाईक त्याच्याच दारात येते.

आधी पऱ्हाटी

पऱ्हाटीला उशीर करू नका, कारण गुलाबी बोंडअळी तिच्याच आधाराने पुढच्या हंगामापर्यंत टिकते. २०१७ च्या खरिपात या अळीने विदर्भातल्या कापसाचे काय केले ते कुणीही विसरलेले नाही. झाडावर राहिलेल्या कवडी, म्हणजे नीट न फुटलेल्या किडक्या, बोंडांत अळी सुप्तावस्थेत पडून राहते. फरदड घेतली, म्हणजे हंगाम संपल्यावरही पीक राखून पुन्हा वेचणी केली, तर तिला खायला मिळते आणि धुऱ्यावर ढीग लावला तर राहायला घर मिळते. त्यामुळे जानेवारीत वावर मोकळे करा. उपटलेली पऱ्हाटी धुऱ्यावर न ठेवता भट्टीच्या जागेवर न्या आणि मार्च संपेपर्यंत तिचा कोळसा करून टाका. पहिल्या भट्ट्यांत कवडी बोंडे आणि शेंड्याच्या काड्याच घाला, म्हणजे अळीचा बंदोबस्त आधी होतो.

जमिनीत थोडी ओल असतानाच चिमट्याने पऱ्हाटी उपटा. काळी जमीन एकदा कडक होऊन भेगाळली की झाड बुडाशी मोडते आणि खुंट जमिनीतच राहतो. एकरी साधारण आठ ते बारा क्विंटल वाळलेली पऱ्हाटी निघते. हलक्या कोरडवाहू जमिनीत याहून कमी निघेल.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. वावर बरड असेल, सेंद्रिय खत मिळत नसेल, तर सगळी पऱ्हाटी कोळशात घालू नका. निम्मी तरी श्रेडरने बारीक करून जमिनीत गाडा. बारीक केल्यावर अळीही मरते. जमिनीचे सगळे ओरबाडून केलेला धंदा चार-सहा वर्षांत कापसाच्या उताऱ्यातून वसूल होतो.

पिंपातली भट्टी

पऱ्हाटी आणि तुऱ्हाटी (तुरीच्या काड्या) बारीक असते, मातीच्या मोठ्या भट्टीत तिची राखच जास्त होते. तिच्यासाठी दोनशे लिटरचे लोखंडी पिंप पुरेसे आहे. पिंप ऑइलचे घ्या. कीटकनाशकाचे किंवा रसायनाचे कितीही स्वस्त मिळाले तरी नको. बुडाला भोके पाडून ते तीन दगडांवर ठेवा. पऱ्हाटी हातभर लांबीची तोडून दाबून भरा आणि पेटवा. नंतर सगळे लक्ष धुरावर ठेवा. सुरुवातीला दाट पांढरा धूर येतो, ती ओल जात असते. मग पिवळसर, डोळे चुरचुरवणारा येतो. तो संपून पातळ निळसर धूर दिसू लागला की कोळसा तयार झाला. त्याच घडीला दगड काढून पिंप सपाट जमिनीवर टेकवा, झाकण लावा आणि बूड व झाकण दोन्ही ओल्या मातीने लिंपा. निळा धूर दिसल्यावर रेंगाळलात तर कोळशाची राख होते, आणि घाई केली तर विकताना धूर सोडणारा कच्चा कोळसा हाती येतो.

वाळलेल्या एक क्विंटल मालातून वीस ते पंचवीस किलो कोळसा मिळाला तर भट्टी चांगली लागली असे समजा. म्हणजे एका एकराच्या पऱ्हाटीतून दीड ते तीन क्विंटल. हा कोळसा नाजूक असतो, पोत्यात निम्मा चुरा होतो. तो चुरा फेकू नका. मैद्याच्या किंवा तांदळाच्या पिठाच्या खळीत मळून त्याच्या वड्या दाबा आणि कडक उन्हात चांगल्या खडखडीत होईपर्यंत वाळवा. इस्त्रीवाल्याला सुट्या कोळशापेक्षा अशी वडी जास्त पसंत पडते, कारण ती सावकाश जळते. बचत गटातल्या बायांना घरच्या घरी करता येण्यासारखे हे काम आहे. नागपूरला केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेचे जिनिंग प्रशिक्षण केंद्र आहे. पऱ्हाटीपासून ब्रिकेट आणि पेलेट, म्हणजे दाबून केलेल्या जळणाच्या विटा आणि गोळ्या, करण्यावर तिथे काम झाले आहे. मोठा विचार असेल त्यांनी तिथे एकदा जाऊन पाहावे.

मातीची भट्टी लावणाऱ्यांसाठी

बाभळीच्या जाड फांद्यांसाठी मातीची भट्टी चालते, पण आपली काळी माती तिच्यावर लिंपायला चांगली नाही. उष्णता लागली की ती आकसते, भेगा पडतात, भेगेतून हवा शिरते आणि आतला माल जळून जातो. मुरमाड किंवा पांढरी माती घ्या, तीत राख आणि भुसा मिसळा. काळीच माती वापरावी लागली तर रात्रंदिवस पाळीने माणूस बसवा आणि भेग दिसताच लिंपा.

भट्टी पहाटे पेटवा. मार्चपासून दुपारी वारा उठतो, वावटळी फिरतात. त्याआधी मोठा जाळ बसून भट्टी दाबलेली असली पाहिजे. कडबा, तुरीची गंजी, गोठा आणि विजेच्या तारा यांपासून लांबची मोकळी जागा निवडा, भोवतालचे गवत खरवडून काढा, पाण्याची दोन पिंपे आणि ओली पोती हाताशी ठेवा. जंगलाला लागून वावर असेल तर वणव्याच्या दिवसांत तिथे भट्टी लावूच नका.

कोळसा बाहेर काढल्यावर चोवीस तास उघड्यावर पातळ पसरून ठेवा. वरून थंड वाटणारा कोळसा आतून धुमसत असतो. पोत्यात भरल्यावर तो पुन्हा पेटतो आणि रात्री छप्पर जाते. भट्टीजवळ वाऱ्याच्या दिशेला, धुरात उभे राहू नका. पेटत्या कोळशाची शेगडी बंद खोलीत ठेवून झोपू नका, आणि गिऱ्हाइकालाही हे सांगत जा. त्यातून निघणाऱ्या वायूला वास नसतो, झोपलेला माणूस उठत नाही.

कोणते लाकूड आपले, कोणते नाही

हा धंदा वावरातल्या आणि धुऱ्यावरच्या मालावरच उभा करा. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये कोळसा हा वनोपज धरला आहे, मग तो जंगलातून आणलेला असो वा नसो. त्यामुळे स्वतःच्या बाभळीचा कोळसा असला तरी तो गाडीत भरून दुसऱ्या गावी नेण्याआधी वनपरिक्षेत्र कार्यालयात वाहतूक परवान्याची चौकशी करा. झाड तोडण्यासाठी महाराष्ट्र झाडे तोडणे (विनियमन) अधिनियम, १९६४ लागू आहे. साग, मोह, आंबा, चिंच, जांभूळ, खैर, ऐन, हळदू, बिजा यांसारखी अनुसूचित झाडे स्वतःच्या वावरातली असली तरी परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. बाभूळ त्या यादीत नाही, पण सामाईक धुऱ्यावरची असेल तर शेजाऱ्याला विचारल्याशिवाय कुऱ्हाड लावू नका. कोर्टात गेलेले धुऱ्याचे वाद लाकडाच्या किमतीत मिटत नाहीत.

पूर्व विदर्भात निस्तार हक्काने, म्हणजे जंगलातून घरच्या गरजेपुरते घेण्याच्या गावकऱ्यांच्या हक्काने, मिळणारे सरपण घरच्या चुलीसाठी असते, ते बाजारात विकायचे नाही. जिथे ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आहे तिथे तिला विचारूनच पाऊल टाका. चंद्रपूर आणि गडचिरोलीकडे सरपणाला आणि मोहफुले वेचायला गेलेली माणसे वाघाच्या हल्ल्यात जातात, दरवर्षी उन्हाळ्यात अशा बातम्या येतात. तुमच्या गावात धुऱ्यावरचे सरपण रास्त भावात मिळू लागले तर तेवढ्या बायांना जंगलात जावे लागणार नाही. धंदा करताना हेही मनात असू द्या.

वाळवण आणि वजन

ओल्या लाकडाचे साधारण निम्मे वजन पाण्याचे असते. असे एक क्विंटल लाकूड नीट वाळले की बासष्ट किलोच्या आसपास भरते. म्हणजे ओल्याला जो भाव मिळतो त्याच्या किमान १.६ पट भाव वाळलेल्याला मिळाला तर वजनाची तूट भरून निघते. फाडाई आणि साठवणीची मजुरी त्याच्यावर. काट्यावर ओले लाकूड चढवून आज चार पैसे जास्त मिळतील, पण धुराने डोळे पुसत स्वयंपाक करणारी बाई पुन्हा तुमच्याकडे माणूस पाठवणार नाही.

कोळशाचाही असाच हिशोब करा. चार ते पाच किलो वाळलेल्या लाकडातून एक किलो कोळसा होतो. तेव्हा कोळशाचा भाव लाकडाच्या पाचपटीहून वर असेल आणि मजुरी सुटत असेल तरच भट्टी परवडते. माझ्या मते बाभळीच्या सरळ, जाड फाट्या लाकूड म्हणूनच विकाव्यात आणि वाकडे-तिकडे, गाठीचे, बारीक तेवढे भट्टीत घालावे.

फाटी मार्चमध्येच फाडून घ्या, फाडलेले लाकूड लवकर वाळते. जमिनीवर आडवे ठोकळे टाकून त्यावर उभी-आडवी रचा, म्हणजे वाळवी लागत नाही आणि हवा खेळते. मे अखेर सगळा माल टिनाखाली गेलाच पाहिजे, बाजू मात्र उघड्या ठेवा. रचलेल्या लाकडात साप-विंचू हमखास असतात. आधी काठीने ढोसा आणि मगच हात घाला, लहान पोरांना तिकडे पाठवू नका.

गिऱ्हाईक कधी आणि कोण

लग्नसराईत आचाऱ्यांना जाड फाटी लागतात. लोहाराकडे एप्रिल-मेमध्ये वखराच्या पासा आणि नांगराचे फाळ येऊन पडतात, तेव्हा त्याला कोळसा हवा असतो. त्याला बाभळीचाच द्या, पऱ्हाटीच्या कोळशाने त्याचे काम होत नाही. पावसाळ्यात भुट्टे भाजणारे, ढाबेवाले आणि चहाच्या टपऱ्या येतात. उज्ज्वला योजनेनंतर सिलिंडर घरोघरी पोचले, तरी ते दरवेळी भरून आणणे अनेकांना जमत नाही, म्हणून गावातली मोळीची विक्री थांबलेली नाही. पळस आणि सालईचे लाकूड चांगल्या मालात मिसळू नका. बेशरमाच्या काड्या तर चुलीसाठी कुणालाच देऊ नका.

छपराखालचा एक कोपरा मयतीसाठी राखून ठेवा. एका अंत्यविधीला तीन-चार क्विंटल कोरडे लाकूड लागते आणि श्रावणाच्या झडीत ते कुठेच मिळत नाही. त्या दिवशी भाव वाढवू नका आणि पैसे नंतर दिले तरी चालतील असे आधीच सांगून ठेवा.

मृगाच्या तोंडावर

जितके तोडले त्याहून जास्त लावायचे दिवस हेच. धुऱ्यावर रामकाठी बाभूळ लावा. ती सरळ वर जाते, पसरत नाही, त्यामुळे पिकावर सावली कमी पडते. शेळ्यांनी शेंगा खाल्ल्यावर बसायच्या जागी लेंड्यांत जे बी सापडते ते चांगले उगवते, तेच गोळा करा आणि दहा-बारा फुटांवर टोका. बाभूळ बुडातून तोडली की सहसा नीट फुटत नाही, म्हणून तिच्या फांद्याच घ्या.

सुबाभूळ मात्र तोडावी तितकी फुटते. तिचे बी उकळी बसलेल्या गरम पाण्यात चार-पाच मिनिटे बुडवून मग रात्रभर साध्या पाण्यात भिजवा. दोन-तीन वर्षांनी उन्हाळ्याच्या शेवटी गुडघाभर उंचीवर तिरका काप घ्या, पावसाबरोबर नवे फुटवे येतात. पाला जनावरांना घालता येतो, पण एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त नको. शेंगा पिकू दिल्या तर हीच सुबाभूळ पुढच्या दोन-तीन पावसाळ्यांत वावरात तण होऊन पसरते, म्हणून तिच्या छाटणीचा महिना लागवडीच्या दिवशीच वहीत लिहून ठेवा.