सोड्याचा डबा, पावडरचा डबा

बारावीनंतर हॉटेल मॅनेजमेंटला जाणार म्हटल्यावर आमच्या मिरजेतल्या घरात पहिला प्रश्न आला, "म्हणजे शिकून सवरून आचारीच होणार ना?" दुसरा आत्याचा, "पोळ्या तरी गोल येतात का गं तुझ्या?" येत नव्हत्या. अजूनही फारशा येत नाहीत. मुंबईत, आता दादरला असलेली आयएचएम (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) १९५४ सालापासून चालू आहे, हे मी घरी सांगून बघितलं. आत्या म्हणाली, "असेल."

प्रवेशाचं थोडक्यात सांगते, कारण ती माहिती कुठेही मिळते. राज्यातल्या कॉलेजांसाठी राज्याची प्रवेश परीक्षा सीईटी, आणि देशभरातल्या आयएचएमसाठी एनसीएचएम जेईई ही राष्ट्रीय परीक्षा. दोन्हींची तयारी एकदमच करा, अभ्यास बराचसा तोच आहे. कॉलेज बघायला जाल तेव्हा लॉबीतलं झुंबर बघू नका, किचनमध्ये चालू स्थितीतले बर्नर किती आणि एका बॅचला मुलं किती ते मोजा. एका शेगडीभोवती सहा जण असतील तर चौघे नुसते बघे असतात.

आता जे कुणी सांगत नाही ते. पहिल्या वर्षी सगळ्यात जास्त घोळ घालतात ती घरी बऱ्यापैकी स्वयंपाक करणारी मुलं. ज्यांना काहीच येत नाही ते घाबरून वजनकाटा धरतात. आपण आईच्या हाताखाली शिकलेले, सगळं अंदाजपंचे. मी त्यातलीच. पहिल्याच महिन्यात व्हाइट सॉस होता. लोणी आणि मैदा समान वजनाचे, एक लिटर दुधाला १०० ग्रॅम प्रत्येकी, असं फळ्यावर लिहिलेलं. मी मैदा ओंजळीनं घातला. दूध ओतल्यावर डाव उभा राहिला. शेफ सरांनी पातेल्यात डोकावून विचारलं, "गॅदरिंगची पोस्टर्स चिकटवायची आहेत का?"

हाताचं म्हणाल तर पहिल्या सेमिस्टरला दोन गोष्टी होतातच: कापतं आणि भाजतं. माझं कापलं ते ब्रुनवाज करताना. गाजराचे दोन-तीन मिलिमीटरचे चौकोनी तुकडे, आणि चॉपिंग बोर्ड ओट्यावर सरकत होता. बोर्डाखाली ओलं फडकं अंथरायचं असतं, एवढंच. सुरी हातातून निसटली तर झेलायला जाऊ नका, पाय मागे घ्या आणि पडू द्या. भाजलं ते ओल्या डस्टरमुळे. (फडक्याला किचनमध्ये डस्टर म्हणतात, सवय होईल.) ओव्हनमधला ट्रे मी ओल्या डस्टरनं धरला, त्यातल्या पाण्याची क्षणात वाफ झाली आणि तळहात सोलवटला. कोरडं फडकं धरायला, ओलं पुसायला, दोन्ही वेगळी ठेवा. भाजलं की वाहत्या गार पाण्याखाली वीस मिनिटं हात. मैत्रीण टूथपेस्ट घेऊन धावत येईल, तिला प्रेमानं परत पाठवा. बर्फही नको.

इंडेंट म्हणजे आदल्या दिवशी स्टोअरला द्यायची सामानाची यादी. मी एकदा "लिंबू २ नग" ऐवजी "२ किलो" लिहिलं. आठवडाभर आमची बॅच सरबतावर होती. पुढे.

दुसऱ्या सेमिस्टरला बेकरीचं प्रॅक्टिकल: चॉकलेट कपकेक, ४८ नग, चौघांचा ग्रुप. मला वाटलं, यात काय आहे, घरी वाढदिवसाला करतोच की. कोरडं साहित्य माझ्याकडे होतं. मैदा, कोको मोजून चाळले. तेवढं शहाणपण व्हाइट सॉसनं आलं होतं. बेकिंग पावडर हवी होती चार टीस्पून. फळीवर दोन सारखे स्टीलचे डबे, दोन्हींची लेबलं पाण्यानं निघून गेलेली. दोन्हींत पांढरी भुकटी. एक उघडला, बोटानं चोळून बघितली, मऊ लागली आणि घातली. बाकीच्यांना विचारावंसं वाटलं होतं, पण "एवढंही कळत नाही का" असं कुणी म्हणेल म्हणून गप्प बसले.

ओव्हनच्या काचेतून बघत होतो. दहाव्या मिनिटाला कपकेक असे टरारून वर आले की कागदी कपांच्या कडा ओलांडल्या. आमच्या ग्रुपमधला तुषार म्हणाला, "आपला ग्रुप पहिला!" पंधराव्या मिनिटाला एकेकाच्या मधोमध खळगा पडायला लागला. रंग मात्र असा आला होता, गर्द, जवळजवळ काळा, किंचित लालसर, की शेजारचा ग्रुप बघायला आला. सरांनी एक उचलला, मधून मोडला, वास घेतला, छोटा घास घेतला आणि शांतपणे टिश्यूत काढून ठेवला.

"कपडे कोण धुतंय आज?"

मग आम्हा चौघांना खायला लावला. तोंडात आधी गोड, आणि लगेच मागून साबण. जिभेवर बुळबुळीत, तुरट असं काहीतरी तासभर राहिलं.

मी पावडर समजून घातला होता तो बेकिंग सोडा, आणि सोडा हा बेकिंग पावडरच्या तिप्पट-चौपट तेज असतो, हे मला त्या घासात कळलं. सोडा अल्कली आहे, त्याला काम करायला आम्ल लागतं: दही, ताक, लिंबू, व्हिनेगर. बेकिंग पावडरमध्ये सोडा आणि कोरडं आम्ल आधीच मिसळलेलं असतं. आमच्या कपकेकमध्ये दूध होतं, दही नव्हतं. बहुतेक सोडा तसाच शिल्लक राहिला, त्याचा साबण लागला. तो मोहक काळा रंगही त्याचाच, अल्कलीत कोको गडद होतो. म्हणजे ज्या रंगावर आम्ही खूश होतो तीच आमच्या चुकीची पावती होती. डबे ओळखायचे तर वाटीत साधं पाणी घेऊन चिमूटभर टाका. पावडर लगेच फसफसते, सोडा मुकाट विरघळतो; त्यावर लिंबू पिळलं की मग उसळतो. दहा सेकंदांचं काम.

कोकोचीही तीच भानगड. साधी कोको पावडर आंबट असते, सोड्याशी तिचं जमतं. डच-प्रोसेस म्हणून मिळते तिच्यावर आधीच अल्कलीची प्रक्रिया झालेली असते, चव सौम्य, रंग गडद, पण आम्ल गेलेलं. कृतीत नुसता सोडा असेल आणि दही-ताक काहीच नसेल तर डच कोको वापरून फसाल. पाकिटावरच्या घटकांत अल्कलीचा उल्लेख आहे का ते वाचा.

आता माझी हमखास जमणारी कृती, बारा नगांची. मैदा १२५ ग्रॅम, साधा कोको ३५ ग्रॅम, साखर १७० ग्रॅम, बेकिंग पावडर पाऊण टीस्पून, सोडा अर्धा टीस्पून, मीठ पाव टीस्पून. ओलं: दोन अंडी, तेल ८० मिलि, दही १२० ग्रॅम, व्हॅनिला एक टीस्पून, आणि ६० मिलि कडक गरम पाणी किंवा काळी कॉफी. कोको आधी त्या गरम पाण्यात कालवून पाच मिनिटं ठेवा, वास घरभर सुटतो. चहाचा चमचा म्हणजे टीस्पून नव्हे. मोजायचे चमचे आणा, ५ मिलिचा टीस्पून, काठाशी सपाट करून.

ओलं वेगळं, कोरडं वेगळं, मग एकत्र. आणि मैदा दिसेनासा झाला की थांबा. इथे माझा दुसरा घोळ झाला होता. गुठळी राहू नये म्हणून मी बीटर पाच मिनिटं फिरवला, मैद्यातलं ग्लुटेन, म्हणजे चिवटपणा आणणारं प्रथिन, ताणलं गेलं. कपकेक टोकदार शिखरांचे आले आणि आत उभी भोकं. एखादी बारीक गुठळी राहिली तरी चालते. कप दोन-तृतीयांश भरा. ओव्हन १७५ अंशांवर आधी पंधरा मिनिटं तापवून, १८ ते २० मिनिटं. घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) वरची-खालची दोन्ही कॉइल चालू, ट्रे मधल्या खाचेत. पहिली पंधरा मिनिटं दार उघडायचं नाही, कितीही उत्सुकता असली तरी.

वरचं क्रीम गार झालेल्या कपकेकवरच. हे वाचून सगळे मान डोलावतात आणि मग कोमटावर लावतात. मी एप्रिलमध्ये बटरक्रीम लावलेला डबा स्कूटरवरून पुण्यात कोथरूडहून हडपसरला नेला होता. पोचल्यावर डब्यात बारा बोडके कपकेक आणि तळाशी गुलाबी तळं. शिवाय घरातलं खारं बटर वापरलेलं. उन्हाळ्यात गनाश बरं: गरम क्रीममध्ये चॉकलेट विरघळवून घोटलेलं. फक्त चॉकलेट वितळवताना त्यात पाण्याचा एक थेंबही पडू देऊ नका, गोळा होऊन बसतं.

सुट्टीत घरी गेले तेव्हा आईला हे कपकेक शिकवायला घेतले. ती मैद्याच्या डब्यात तिची नेहमीची पितळी वाटी घालून उभी. मी म्हटलं, "आई, वाटी नाही, काटा." तिनं ऐकलं न ऐकल्यासारखं करून वाटी भरली, हातानं वरचा डोंगर सारला. मी ती काट्यावर ठेवून वाटीचं वजन वजा केलं. ११२ ग्रॅम. परत भरायला सांगितली, ११०. तिसऱ्यांदा १११.

"बरोबर आहे का?" आईनं विचारलं.

"बरोबर आहे."

"मग फी कशाची भरली आपण?"