जुने फाउंटन पेन नेमके कोणते, हे कसे ओळखावे

जुने फाउंटन पेन हाती आले की बहुतेकांची नजर आधी निबवर जाते, कारण कंपनीचे नाव तेथेच ठळक दिसते. परंतु ओळख पटवण्याची सुरुवात निबपासून करू नये, असे मी आग्रहाने सांगेन. निब झिजते, वाकते आणि मग तिच्या जागी दुसरी बसवली जाते. एस्टरब्रुकच्या पेनांत तर निब फिरवून काढण्याची सोयच होती, त्यामुळे तिच्यावरचा क्रमांक निबचा प्रकार सांगतो, पेनाचे मॉडेल सांगत नाही.

सुरुवात बॅरलपासून, म्हणजे पेनाच्या शाई धरणाऱ्या मुख्य नळीपासून करावी, आणि तीही पेन चकचकीत करण्यापूर्वी. बॅरलवरचा ठसा बहुधा उथळ असतो व पॉलिश लावून घासल्यास तो कायमचा जातो. खोलीतला दिवा मालवून टॉर्चचा उजेड बॅरलवर अगदी आडवा पाडावा, डोळ्याला भिंग लावावे आणि पेन बोटांत सावकाश फिरवावे. समोरून कोऱ्या वाटणाऱ्या जागी अक्षरांच्या कडा सावली धरू लागतात. जे दिसेल ते अर्धवट असले तरी तसेच कागदावर उतरवून घ्यावे.

ठशातील देशाचे नाव दुर्लक्षू नये. पार्कर ही अमेरिकेतील जेन्सव्हिलची कंपनी, पण तिची पेने कॅनडात आणि इंग्लंडमधील न्यूहेवन येथेही तयार होत. ‘वेस्ट जर्मनी’ असे कोरलेले पेन १९४९ पूर्वीचे असू शकत नाही. पेटंटची तारीख मात्र जपून वाचावी: ती पेनाच्या जन्माची तारीख नव्हे, पेन त्याआधीचे नाही एवढेच तिच्यावरून कळते.

वॉटरमनच्या एबोनाइट (कडक केलेले रबर) पेनांचा क्रमांक पुष्कळदा बॅरलच्या बुडाशी असतो. ५२ मधला ५ हा लिव्हरने, म्हणजे बॅरलच्या बाजूची पट्टी उचलून शाई भरण्याची पद्धत दाखवतो, तर २ हा निबचा आकार. त्याआधी ४ लागून ४५२ झाले, तर वरचे वेष्टन चांदीचे. पार्करच्या ठशाशेजारचा बारीक अंक वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि बाजूचे ठिपके तिमाही सांगतात. समजा, अमेरिकेत बनलेल्या ‘पार्कर ५१’ वर ८ आहे. हे मॉडेल १९४१ मध्ये बाजारात आले, म्हणून १९३८ बाद होते. मागची टोपी फिरवून काढल्यावर आत दाबायचा दट्ट्या दिसला, तर ती शाई भरण्याची पद्धत १९४८ मध्येच बदलली असल्याने १९५८ ही बाद होते. उरते ते १९४८.

शाई भरण्याची पद्धत म्हणूनच मोलाची आहे. शेफरने लिव्हर १९१२ मध्ये आणला, पेलिकनचे पिस्टनचे पेन १९२९ चे, आणि निबखालून बारीक नळी पुढे येत असेल तर ते शेफरचे १९५२ नंतरचे स्नॉर्केल. शेफरच्या टोपणावरचा पांढरा ठिपका १९२४ पासून आजीवन हमीची खूण होता. तो अनेक मॉडेलांवर असल्याने त्याच्यावरून मॉडेल ठरवू नये.

बॅरल कशाचे आहे हे पाहताना तापलेली सुई टोचण्याचा प्रयोग कृपा करून करू नये. सेल्युलॉइड, म्हणजे जुन्या काळचे एक प्लास्टिक, पेट घेते. बोटाने जोरात चोळल्यावर येणारा गंधकाचा वास एबोनाइटचा, कापराचा वास सेल्युलॉइडचा. काळे एबोनाइट उजेडाने तपकिरी पडते आणि पाण्यात बुडवल्यास हा रंग आणखी बिघडतो, म्हणून असे पेन भिजत घालू नये.

शेवटी टोपण बॅरलशेजारी धरावे. एकाचा रंग उडालेला आणि दुसऱ्याचा गडद, किंवा आटे बसताना अडकणारे, अशी जोडी दिसली की दोन पेनांचे भाग एकत्र आले असल्याची शंका घ्यावी आणि मॉडेलचे नाव बॅरलवरून ठरवून टोपण व निब यांची नोंद वेगळी करावी.