गव्हावरचा तांबेरा: या चुका टाळा

पांढरा लेंगा घालून गव्हातून चालावे आणि बांधावर येईपर्यंत तो नारिंगी व्हावा, इतका तांबेरा, म्हणजे पुरळ उठवून भुकटी सोडणारा हा बुरशीचा रोग, वाढेपर्यंत अनेकांना त्याचा पत्ताच नसतो. मग घाईत फवारणी होते आणि औषध वाया जाते.

पान पिवळे दिसले की तांबेरा समजणे

नत्र कमी पडले की आधी खालची पाने फिकट होतात. मावा पडला की पान चिकट लागते, त्यावर काळी बुरशी वाढते. तांबेऱ्याची खूण वेगळी: पुरळावरून बोट फिरवले की भुकटी बोटाला लागते. पानावर विखुरलेले बारीक, गोल पुरळ असतील तर तो नारिंगी तांबेरा. खोडावर लांबट, विटकरी, साल फाटून वर आलेले पुरळ हाताला खरखरीत लागले तर तो काळा. हेच पुरळ पुढे काळे पडतात. जास्त धोका याचाच, कारण खोडातूनच ओंबीला रस जातो आणि तो तुटला की दाणे चिमतात. पिवळा तांबेरा थंड हवेतला. पंजाब-हरियाणाचे व्हिडिओ पाहून आपल्याकडे त्याची धास्ती घेऊ नये.

रोग आपल्याच रानात आहे असे धरणे

या समजुतीने धसकटे पेटवली जातात. पण आपल्या उन्हाळ्यात, हिरवा गहू नसताना, या बुरशीचे बीजाणू टिकत नाहीत. काळा आणि नारिंगी तांबेरा दक्षिणेतल्या निलगिरी-पळणी डोंगरांतून वाऱ्याबरोबर वर येतो. धसकटे जाळून तो अडत नाही, जमिनीतला सेंद्रिय कर्ब मात्र जळतो. बीजप्रक्रियेचेही, म्हणजे पेरणीआधी बियाण्याला औषध लावण्याचेही, तसेच. ती काणीसाठी (ओंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी करणाऱ्या रोगासाठी) जरूर करा, पण पुढे वाऱ्यावरून येणारा तांबेरा तिने थांबत नाही.

वाण आणि पेरणीची वेळ

पोळी चांगली होते म्हणून लोक-१ घरोघरी आहे, पण तांबेऱ्यापुढे हा वाण टिकत नाही. निफाडच्या संशोधन केंद्राचे त्र्यंबक, तपोवन, फुले समाधान हे पर्याय आहेत. बागायती वेळेवरची पेरणी नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात उरका. उशिरा पेरलेला गहू कोवळा असतानाच ऊन वाढते आणि काळ्या तांबेऱ्याला हेच हवे असते. हिरवागार दिसावा म्हणून युरियाचा जादा हप्ताही देऊ नये, दाट आणि लुसलुशीत पिकात रोग पटकन पसरतो. तुषार संच सकाळी चालवावा, म्हणजे पाने दिवसा सुकतात. वीज रात्रीचीच असेल तर हे सांगायला सोपे, करायला अवघड!

फवारणीतली चूक

खरा घोळ इथे होतो. प्रोपिकोनॅझोल २५ ईसी या बुरशीनाशकाचे १ मिली प्रति लिटर हे प्रमाण सगळ्यांना पाठ असते, पाणी मात्र एकरी चार-पाच पंपांतच आटोपते. १५ लिटरच्या पंपाने एकरी २०० लिटर म्हणजे तेरा-चौदा पंप होतात. त्याहून कमी पाण्यात खोड आणि खालची पाने कोरडीच राहतात. मॅन्कोझेब हे दुसरे बुरशीनाशक फक्त निरोगी पान राखते, आत शिरलेल्या बुरशीवर त्याचा उपयोग नाही. म्हणून पोटरीपासून (ओंबी बाहेर पडण्याआधीपासून) आठवड्याला एकदा शेतात आत शिरून पाने उलटसुलट बघा आणि पहिले पुरळ दिसताच फवारा. नवे पुरळ येतच राहिले तर पंधरा दिवसांनी पुन्हा. दाणा भरून कडक झाल्यावर फवारलेल्या औषधाने उत्पादन वाढत नाही, ते पैसे मळणीला ठेवा.